तांबड्या जमिनीच्या घराला रंग देताना

२०२४ च्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माटोळीची, गणपतीच्या वर फळं बांधायची, चौकट टांगताना माझ्या दिराचा खांदा भिंतीला घासला आणि रंगाचा ताटाएवढा पोपडा खाली आला. मागून पुट्टीची पांढरी भुकटी झरझर सांडली. खाली पाट मांडलेला होता, त्यावर गणपती बसायचा होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत, केरसुणी घेऊन आल्या. पण झाडताना त्या भिंतीकडे ज्या नजरेनं बघत होत्या, त्यावरून मी मनात ठरवलं, की पुढच्या चवथीला ही भिंत अशी दिसता कामा नये.

आमचं घर गोव्यात, फोंडा तालुक्यात, कुळागराला म्हणजे सुपारीच्या बागेला लागून. पुढे सोपो म्हणजे ओसरी, मग माजघर, देवघर, दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, दीड फूट जाड. वर मंगळुरी कौलं. मागच्या खोलीची खिडकी उघडली की पाच पावलांवर पोफळी, त्यांच्या अंगावर चढलेल्या मिऱ्यांच्या वेली आणि खाली केळी. जमीन मात्र सगळीकडे एकच, तांबडी. सिमेंटात तांबडा ऑक्साईड मिसळून घोटलेली. आजेसासूबाई तिला खोबरेल लावून पुसत, त्यामुळे अजूनही तिच्यात दाराची चौकट दिसते. ही जमीन आणि ते कुळागर रंग निवडताना आपल्याला किती अडवणार आहेत, याची मला तेव्हा कल्पना नव्हती. मला फक्त एवढं माहीत होतं, की भडक रंग नको. मातीच्या जवळचा, उबदार, पाहुण्यांच्या डोळ्यांत न भरणारा आणि घरच्यांना न कंटाळवणारा रंग हवा.

सहा वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराकडून आम्ही घर रंगवून घेतलं होतं. भिंतीला खालून तीन फुटांपर्यंत ओल होती. त्यानं ती तशीच ठेवून वर पुट्टीचे दोन हात दिले आणि धुता येणारा चकचकीत रंग मारला. पहिल्या दिवाळीला घर आरशासारखं दिसलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फोड आले. चिऱ्याचा दगड सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी वर ओढतो. जुन्या घरांत ते पाणी चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडून वाळून जायचं. प्लॅस्टिकसारखा पापुद्रा वर बसला की त्याला वाटच उरत नाही. पाण्याबरोबर आलेले क्षार पापुद्र्यामागे साठतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते रंगाला बाहेर ढकलतात. दिराच्या खांद्यानं पडलेला पोपडा आधीच सुटलेला होता.

या वेळी पेंटर शोधायला मी घाई केली नाही. मैत्रिणीच्या घरी काम केलेले खानापूरचे एक पेंटर मिळाले, साठीच्या आसपासचे. सगळे त्यांना मामाच म्हणतात. आल्या आल्या त्यांनी शेडकार्ड काढलं नाही. भिंतीला तळवा लावला, बोटाच्या पेरानं खालून वरपर्यंत टकटक करत गेले आणि जिथं आवाज पोकळ आला तिथं खडूनं खूण केली. खोलीभर खुणा झाल्या.

"वहिनी, रंग मागनं बघू. आधी भिंत वाळू दे की."

"किती दिवस लागतील, मामा?"

"जानेवारीत उकरलं, तर एप्रिलात हात घालू."

मला तीन महिने फार वाटले. पण गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि भिंतीला वाळायला मिळतात ते एवढेच महिने. जून लागला की पुन्हा तेच. म्हणून होकार दिला.

ओलीचं कारण घराबाहेर निघालं. वर्षानुवर्षं फुलझाडांना माती घालून घालून अंगण भिंतीपाशी फूटभर चढलं होतं, म्हणजे आतल्या जमिनीच्याही वर. कौलांखालची पन्हळ एका सांध्यात तुटलेली होती आणि पावसाचं पाणी बरोबर त्या मातीत पडत होतं. आम्ही माती काढली, तिथं खडी भरली, पाण्याला उतार दिला, पन्हळ बदलली. आतून सुटलेला गिलावा तीन फुटांपर्यंत काढून टाकला. क्षारांची पांढरी लव मामांनी कोरड्या ब्रशनं झाडली आणि मला बजावलं, की ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, पुसलं तर क्षार विरघळून परत आत जातात. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मागची तीन वर्षं मी दर दिवाळीला ती भिंत ओल्या फडक्यानं पुसत बसले नसते.

माजघराची भिंत खरवडताना मी सुट्टी काढून बसले होते. मामा पत्री तिरकी धरून एकेक थर सोडवत होते. सगळ्यात वर आमचा सहा वर्षांपूर्वीचा पिस्ता. त्याखाली गुलाबी डिस्टेंपर, तो हात लावला की खडूसारखा बोटांना लागायचा. त्याखाली निळसर, चुन्यात नीळ घालून काढलेला. आणि गिलाव्याला घट्ट बसलेला शेवटचा थर फिका पिवळट, पिवळी माती कालवलेल्या चुन्याचा. देवघराच्या चौकटीजवळ हातभर जागेत हे चारही थर एकाखाली एक दिसत होते, प्रत्येकाची कड वेगळी. नखानं निळ्या थरावर टोचलं तर त्याचा तुकडा निघाला. पिवळ्यावर टोचलं तर ओरखडासुद्धा पडला नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो, हे शाळेत शिकलेलं मला तिथं नखाला समजलं.

सासूबाई मागून येऊन बघत होत्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा निळा होता. पिवळा मी नाही पाहिला," म्हणाल्या. मग बराच वेळ त्या तिथंच उभ्या राहिल्या.

भिंती वाळत होत्या तोवर मी रंगाच्या मागे लागले. आणि इथं मी खरी शिकले.

दुकानातल्या शेडकार्डावर अशा रंगांची पानंच्या पानं असतात. दाण्याच्या कुटासारखे, ओल्या वाळूसारखे, सायीसारखे, भाजलेल्या रव्यासारखे. कागदावर सगळे एकसारखेच वाटतात. ते पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिले तरच त्यांचा कल दिसतो. कोणी गुलाबीकडे झुकलेला, कोणी हिरव्याकडे, कोणी राखाडीकडे. मशीनवर हे रंग बनतात तेही पाहिलं. पांढऱ्या बेसमध्ये पिवळा ऑक्साईड, तांबडा ऑक्साईड आणि काळा, मुख्यतः हे तीन, तेही अगदी मोजून थोडे. म्हणजे उबदार म्हणून जे विकतात ते पांढऱ्यात घातलेली पिवळी माती, गेरू आणि चिमूटभर काजळी एवढंच. फरक सगळा प्रमाणाचा.

पहिल्यांदा मी ओल्या वाळूच्या जवळचा एक राखाडी छटेचा रंग घेतला. नमुन्याचा लहान डबा आणला आणि मामांच्या सांगण्यावरून भिंतीवर न लावता दोन फूट लांबरुंद हार्डबोर्डवर दोन हात मारले. जुन्या भिंतीवर ठिपका लावला तर आजूबाजूचा रंग डोळ्याला फसवतो. बोर्ड मात्र उचलून कुठंही नेता येतो. दुकानात तो रंग फार सुंदर दिसला होता. मागच्या खोलीत खिडकीशेजारी ठेवला आणि मला शेवाळ आठवलं. चक्क हिरवा. वाटलं, डबा बदलला असेल. बोर्ड सोप्यावर आणला तर पुन्हा वाळूसारखा. पुन्हा आत नेला तर हिरवा.

कारण खिडकीबाहेर होतं. त्या खोलीत येणारा उजेड आकाशातून सरळ येत नाही, पोफळी आणि केळीच्या पानांवरून गाळून येतो. भडक रंगाला त्यानं फारसा फरक पडत नाही, त्याचा स्वतःचा रंगच जोरदार असतो. पण फिका, मवाळ रंग उजेड जे देईल ते घेतो. मी दुपारी बारा वाजता पांढरी साडी त्या खिडकीत धरून पाहिली. तीही हिरवट दिसली. इतकी वर्षं त्या खोलीत वावरून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

दुसरा नमुना मी उलट बाजूचा घेतला, पीचकडे झुकलेला सायीचा रंग. मागच्या खोलीत तो छान शांत झाला. सोप्यावर ठेवला तर खालचा अर्धा बोर्ड गुलाबी. सकाळचं ऊन सोप्याच्या तांबड्या जमिनीवर पडतं आणि तिथून उसळून भिंतीवर चढतं. बोर्डाची खालची कड जवळजवळ डाळिंबाच्या सालीसारखी आणि वर चार फुटांवर नुसती साय. मी जमिनीवर पांढरी चादर अंथरली. गुलाबी गेला. चादर ओढून घेतली, परत आला. सासूबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतःच्या हातानं दोनदा चादर ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "जमीन रंगवते म्हणायची भिंतीला."

तिसऱ्यांदा मी खरवडलेल्या भिंतीवरचा तो पिवळट तुकडा दुकानात नेला. तिथल्या यंत्रानं त्याचा रंग मोजला, जुळणारा डबा दिला. घरी आणून लावला आणि निराश झाले. यंत्रानं चूक केली नव्हती, बोर्डाशेजारी तुकडा धरला तर जुळत होता. पण चुन्याच्या थरात उजेड थोडा आत शिरतो, म्हणून तो रंग आतून आल्यासारखा वाटतो. इमल्शनमध्ये, म्हणजे डब्यातल्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगात, तोच पिवळा सपाट झाला, आणि संध्याकाळी ट्यूब लावल्यावर हळदीचं पाणी पडल्यासारखा दिसला. पूर्वजांचा रंग सापडला म्हणून मी जो आनंद केला होता, तो तिथं संपला. त्या काळी घरात कंदील आणि समई होती, आमच्याकडे ६५०० केल्विनची पांढरीफेक ट्यूब. त्याच पिवळ्याला समईशेजारी ठेवून पाहिलं तर तो अगदी योग्य होता.

म्हणून आधी दिवे बदलले. माजघरात आणि खोल्यांत ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे एलईडी लावले. हे काम रंगाच्या आधी करावं, असं मी आता भेटेल त्याला सांगते. दिवे नंतर बदलले तर निवडलेला रंग तुमचा राहत नाही.

आणखी एक आकडा मला फार उपयोगी पडला. रंग किती उजेड परत फेकतो हे शून्य ते शंभरात मोजतात, काळ्याला शून्याजवळ, पांढऱ्याला शंभराजवळ. बऱ्याच कंपन्या प्रत्येक शेडचा हा आकडा देतात, दुकानदाराला विचारावा लागतो. माझा पहिला राखाडी वाळूचा रंग पन्नाशीतला होता. ज्या घराला मोठ्या खिडक्या आणि उघडं आकाश आहे तिथं तो चालेल. आमच्या घराला खोल सोपो, उतरती कौलं आणि मागे झाडं. तिथं तो चार वाजल्यानंतर चिखल होतो. मग मी सत्तरच्या खालचं काही पाहायचंच नाही असं ठरवलं.

शेवटी जो मार्ग निघाला तो मामांनी सुचवला. मी म्हणत होते, की सगळ्या घराला एकच रंग हवा. ते म्हणाले, "एकच दिसायला पायजे ना? मग दोन काढू." मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्या जुन्या पिवळटाचं प्रमाण निम्मं केलं, त्यात काळ्याचा थेंब घालून त्याचा तोरा उतरवला. सोप्यासाठी त्यात तांबडा मुळीच नाही, कारण तांबडा जमीन देणारच आहे. मागच्या खोलीसाठी त्याच रंगात थोडा तांबडा, कारण कुळागराचा हिरवा तिथं कुणीतरी खोडायला हवा. दोन बोर्ड शेजारी ठेवले तर स्पष्ट वेगळे. एक सोप्यावर, एक आत ठेवला आणि चालत गेलं तर एकच. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी साडेसहा आणि रात्री दिव्यात, असे आठ दिवस मी ते बोर्ड बघितले. रोज घरी येणाऱ्या धाकट्या नणंदेला काही न सांगता विचारलं, तर ती म्हणाली, "एकच आहे की."

एप्रिलमध्ये कामाला सुरुवात झाली. सोप्याला आणि खालच्या ओल्या पट्ट्याला पुन्हा बंद करणारा रंग लावायचा नाही, हे ठरलेलं होतं. तिथं नवा गिलावा चुन्याचा आणि वर चुनाच. पूर्वी आपल्याकडे शिंपले भाजून चुना करायचे. आम्ही बाजारातला कळीचा चुना आणला. तो विरवताना मामांनी मुलांना अंगणाबाहेर काढलं, स्वतः चष्मा लावला, पिंपात आधी पाणी आणि मग खडे सोडले. पाणी लावताच खडे फुटायला लागले, पिंपातून वाफ उसळली, बाहेरून हात ठेववेना. पाच-सहा दिवस तो पाण्याखाली तसाच ठेवला, मग फडक्यातून गाळला. दुधाएवढा पातळ. त्यात पिवळी माती आणि अगदी थोडा काळा, आधी वेगळ्या पाण्यात कालवून. रंग चुन्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त झाला तर तो चुन्याला धरत नाही, अंगाला पुसतो.

पहिल्या दिवशी आमची चूक झाली. सोप्यावर नऊ वाजताच ऊन आलं होतं, भिंत सकाळी एकदाच भिजवलेली. चुना लावता लावता वाळला आणि संध्याकाळी तळव्याला पिवळी भुकटी लागली. भिंतीनं त्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि चुन्याला दगड व्हायला वेळच मिळाला नाही. मामांनी एक शब्द न बोलता तेवढी भिंत ब्रशनं झाडून काढली. दुसऱ्या दिवसापासून आदल्या संध्याकाळी आणि पहाटे असं दोनदा पाणी मारायचं, सोप्याला बाहेरून ओली गोणपाटं टांगायची आणि आठच्या आत हात संपवायचा, असा नेम केला. असे चार पातळ हात झाले, रोज एक.

ओला चुना लावला की भिंत पाण्यासारखी दिसते, खालचा गिलावा आरपार. रंग गडद, मळकट. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा धीर सुटतो, माझाही सुटला. वाळताना तो कडेपासून उजळत येतो. मी सोप्यावर बसून ते पाहत होते. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात रुपयाएवढा फिका डाग उमटला, तो पसरत गेला, त्याची सीमा हळूहळू खाली सरकली आणि दुपारपर्यंत अख्खी भिंत तीन-चार छटांनी उतरली. म्हणूनच चुन्याचा नमुना ओला असताना कधी ठरवू नये, एक रात्र जाऊ द्यावी.

आतल्या खोल्यांना इमल्शन. तिथल्या भिंती कोरड्या होत्या, त्यामुळे फारसं सांगण्यासारखं नाही. बारा बाय चौदाची खोली, दहा फूट उंची, दारं-खिडक्या वजा करून साडेचारशे चौरस फुटांच्या आसपास भिंत. दोन हातांना लिटरमागे सव्वाशे ते दीडशे चौरस फूट धरले, चार लिटरचा डबा पुरला. डबे दोन असले तर ते मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यावेत, मशीनच्या दोन डब्यांत थोडा फरक राहतोच आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो. मे महिन्यात हवेत इतका दमटपणा असतो, की डब्यावर चार तास लिहिलेलं असलं तरी आम्ही दुसरा हात दुसऱ्या दिवशीच दिला. दारांना रंग नाही, जुन्या लाकडाला नुसतं तेल. छताचे वासेही तसेच ठेवले.

इतके रंग नाकारले, त्यामुळे शेजारी विचारायचे, एवढं करून लावलं काय, तर माती. पणजीत फोंतेन्हासमध्ये निळी, पिवळी, तांबडी घरं आहेत, लोक लांबून बघायला येतात. पांढरा चर्चला आणि रंग घरांना, अशी तिकडची जुनी गोष्टही सगळे सांगतात. ती घरं मलाही आवडतात. पण ती गल्लीसाठी आहेत, बाहेरून बघायची. माझं सगळं आयुष्य या चार खोल्यांच्या आत जातं, आणि मला भिंत अशी हवी होती, जिच्यासमोर माणसं आणि वस्तू नीट दिसतील.

ते चवथीला दिसलं. २०२५ साली चवथ २७ ऑगस्टला होती, पाऊस धो धो. माटोळीला सुपारीचे घड, नारळ, कांगलां, तोरिंगं, कच्ची केळी. पिस्ता रंगाच्या भिंतीवर दरवर्षी हिरवं हिरव्यात मिसळून जायचं. या वेळी प्रत्येक फळ वेगळं दिसलं. कांगलांचा तांबडा जमिनीच्या तांबड्याशी बोलत होता आणि सुपारीच्या सालीवरचा हिरव्यातून केशरीकडे जाणारा पट्टा मी पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिला. रात्री आरती झाल्यावर लाइट गेली. समईच्या उजेडात भिंत मधासारखी झाली. सासूबाई म्हणाल्या, "दिवे नकोच लावू आता." लाइट आल्यावरही आम्ही तासभर तसेच बसलो.

जुलैत खालच्या पट्ट्यावर ओलीची गडद लाट दिसली होती, वीतभर उंचीची. पूर्वी ती कंबरेपर्यंत यायची. चुन्यावर ओल दिसते, हे खरं आहे, ज्यांना ते चालणार नाही त्यांनी आधीच विचार करावा. पण पोपडा एकही निघाला नाही आणि नोव्हेंबरात लाट आपोआप मिटली.

न्हाणीची भिंत अजून राहिली आहे. तिच्यामागची माती या जानेवारीत काढली, सध्या ती उघडीच ठेवली आहे. दोन्ही रंगांच्या नमुन्याच्या डब्यांवरची मशीनची लेबलं मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली आहेत, कुठला सोप्याचा आणि कुठला मागचा ते लिहून. मामा मधे एकदा येऊन न्हाणीला बोटाच्या पेरानं टकटक करून गेले. म्हणाले, अजून महिनाभर थांबा.